लिने विवर आणि चंद्रविवरांच्या उत्पत्तीचा वाद

चंद्राच्या पृथ्वीकडे वळलेल्या अंगावर ईशान्येस जे विस्तीर्ण काळसर मैदान आहे आणि ज्यास ज्योतिर्विदांनी ‘मारे सेरेनिटाटिस’, म्हणजे प्रसन्नतेचा सागर, असे नाव देऊन ठेवले आहे, त्याच्या पश्चिम काठानजीक लिने नावाचे एक विवर आहे. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिने याच्या नावाने ते ओळखले जात असले, तरी त्याचा व्यास अवघा सव्वादोन किलोमीटर आणि खोली अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. कोपर्निकस किंवा क्लाव्हियस यांच्यासारख्या प्रचंड विवरांच्या यादीत त्याला कोणी जागाही देणार नाही. तरीसुद्धा १८६६ सालापासून पुढे काही वर्षे युरोपातील वेधशाळांत जितकी चर्चा या एका खळग्याची झाली तितकी चंद्रावरील दुसऱ्या कोणत्याही स्थळाची झाली नाही. आणि चंद्रविवरे ज्वालामुखीने घडली की आकाशातून आलेल्या पाषाणांच्या आघाताने, हा जो तीनशे वर्षांचा वाद, त्याचा इतिहास आज उलटून पाहू लागले असता असे दिसते, की मोठ्या विवरांनी या वादात पंडितांना बहुधा चकवले आणि निकाल लावणारा पुरावा पुढे आला तो लहान विवरांकडून. त्या पुराव्याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

वादाचा आरंभ दुर्बिणीच्या जन्माइतकाच जुना म्हणावा लागेल. गॅलिलिओने १६१० मध्ये आपल्या छोट्या ग्रंथात चंद्रावरील डोंगर व खळगे जगापुढे मांडले, परंतु ते कसे घडले याचा विचार प्रयोगाच्या वाटेने प्रथम केला तो रॉबर्ट हुक याने. १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने दोन प्रयोगांची हकीकत दिली आहे. एकात ओल्या चिकणमातीवर बंदुकीच्या गोळ्या टाकून पडलेले खळगे त्याने न्याहाळले, तर दुसऱ्यात संगजिऱ्यासारख्या मऊ खनिजाची पूड तापवून तिच्यातून वाफेचे बुडबुडे फुटू दिले आणि मागे राहिलेल्या वर्तुळाकार कड्यांची चंद्राशी तुलना केली. दोन्ही प्रयोगांतले खळगे चंद्रावरच्या खळग्यांसारखेच दिसत होते. अशा वेळी हुकने आघाताची कल्पना बाजूला सारली, ती एका सरळ कारणासाठी: चंद्रावर पडावेत असे पाषाण अवकाशात येणार कोठून? लघुग्रहांचा शोध लागण्यास अद्याप सव्वाशेहून अधिक वर्षांचा अवकाश होता आणि आकाशातून दगड पडतात ही गोष्ट विद्वानांच्या जगात भाकडकथा समजली जात होती, हे ध्यानात घेता त्याच्या निर्णयाला दोष देता येत नाही. मात्र त्यामुळे पुढील दोन शतके ज्वालामुखीचा पक्ष जणू वहिवाटीच्या हक्काने गादीवर बसून राहिला.

आता लिनेकडे वळू. चंद्राची शास्त्रशुद्ध मोजणी करण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत जर्मनीत सुरू झाले. ड्रेस्डेन येथील विल्हेल्म लोरमान हा मूळचा जमिनीची मोजणी करणारा अधिकारी. त्याने चंद्राचा नकाशा पंचवीस तक्त्यांत तयार करण्याचे योजून त्यांपैकी पहिले चार तक्ते १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या पाठोपाठ बर्लिनमध्ये विल्हेल्म बेअर या सावकारी पेढीच्या मालकाने आपल्या बंगल्याच्या आवारात खाजगी वेधशाळा उभारली आणि योहान म्याडलर याच्या सहकार्याने शेकडो रात्री वेध घेऊन १८३४ ते १८३६ या काळात चंद्राचा जो नकाशा छापला, तो पुढे कित्येक दशके या विषयातले अव्वल प्रमाण मानला गेला. या दोन्ही दफ्तरांत लिनेची नोंद स्पष्ट आहे. लोरमानने त्यास त्या मैदानातील मोठ्या विवरांत गणले आणि म्याडलरने त्याचा व्यास आजच्या मापाने सुमारे दहा किलोमीटर भरेल असा दिला. इतकेच नव्हे, तर ते ठळक व खोल असल्याचे सांगून नकाशातील इतर स्थळे निश्चित करण्यासाठी एक आधारबिंदू म्हणून त्याचा उपयोग केला.

अथेन्सच्या वेधशाळेचा संचालक युलियुस श्मिट हा १८६६ च्या ऑक्टोबरात हे विवर पाहू गेला असता त्याच्या जागी विवर नाही, केवळ एक पांढुरका ढगासारखा डाग आहे, असे त्याला आढळले. श्मिट हा कोणी हौशी निरीक्षक नव्हता. कुमारवयापासून त्याने चंद्राचाच ध्यास घेतला होता. चौतीस वर्षांच्या वेधांतून त्याने पुढे १८७८ मध्ये जो नकाशा प्रसिद्ध केला त्यात बत्तीस हजारांहून अधिक विवरे नोंदलेली आहेत, आणि लोरमानचे अपुरे राहिलेले तक्ते संपादून त्याच वर्षी छापण्याचे श्रेयही त्याचेच आहे. एका माणसाने एका दुर्बिणीशी बसून इतके काम करावे, हे आज यंत्रांच्या साहाय्याने क्षणात चित्रे मिळवणाऱ्या पिढीने आदराने आठवावे असे आहे. तेव्हा असा माणूस जेव्हा दहा किलोमीटर रुंदीचे विवर नाहीसे झाल्याचे जाहीर करतो, तेव्हा त्याचे म्हणणे कोणी हसण्यावारी नेले नाही. इंग्लंडात विल्यम बर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी या स्थळाची तहकीकात आरंभिली; रोममध्ये अँजेलो सेक्की याने १८६७ च्या फेब्रुवारीत त्या पांढऱ्या डागाच्या मध्यभागी एक अगदी बारीक विवर असल्याचे पाहिले; जुन्या चित्रांची छाननी झाली आणि श्र्योटर याने १७८८ मध्ये काढलेल्या एका आकृतीत त्या जागी विवर आहे की नुसता डाग आहे यावर बराच काथ्याकूट झाला.

एवढी खळबळ का उडावी, हे समजण्यासाठी त्या काळचे मत लक्षात आणले पाहिजे. बेअर व म्याडलर यांच्या ग्रंथाचा असा परिणाम झाला होता, की चंद्र हे हवा-पाणीविरहित, पूर्णतः मृत असे जग असून तेथे आता काहीही घडत नाही, हा समज सर्वत्र रूढ झाला होता. लिनेचे विवर जर खरोखरच बुजले असेल तर ते आतून उसळलेल्या लाव्ह्याने किंवा राखेने भरले असले पाहिजे, म्हणजेच चंद्राच्या पोटातील अग्नी अजून विझलेला नाही, असा त्याचा अर्थ होत होता. ज्वालामुखीच्या पक्षास यासारखा डोळ्यांदेखतचा दाखला दुसरा कोणता हवा? १८७४ मध्ये जेम्स नास्मिथ व जेम्स कार्पेंटर यांनी जो सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कारंज्यासारख्या उडणाऱ्या लाव्ह्याने विवरांची कडी कशी रचली गेली असावी याचे अतिशय मोहक विवेचन आहे. त्या ग्रंथाचा वाचकवर्ग मोठा होता, आणि लिनेच्या प्रकरणाने तयार केलेल्या हवेत तो अधिकच पटण्यासारखा वाटला असल्यास नवल नाही.

परंतु या प्रकरणाचा खुलासा चंद्रावर नव्हे, दुर्बिणीच्या भिंगात दडलेला होता, आणि तो गणिताने तपासून पाहण्यासारखा आहे. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावर सव्वादोन किलोमीटर रुंदीची वस्तू आकाशात सुमारे १.२ विकलांचा कोन व्यापते. विकला म्हणजे अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग. बेअरच्या वेधशाळेतील फ्राउनहोफर बनावटीच्या दुर्बिणीचे भिंग साडेनऊ सेंटिमीटर व्यासाचे होते, आणि प्रकाशाच्या तरंगरूपामुळे त्या आकाराच्या भिंगातून, ते कितीही निर्दोष घासलेले असले व हवा कितीही निश्चल असली तरी, सुमारे १.२ विकलांहून जवळ असलेले दोन बिंदू अलग दिसू शकत नाहीत. म्हणजे लिनेचा खरा आकार आणि त्या काळच्या सर्वोत्तम चंद्रनकाशामागील दुर्बिणीची शक्ती या दोन्ही गोष्टी नेमक्या एकाच हद्दीवर येऊन भिडल्या होत्या. हवा थोडी स्थिर असली आणि सूर्य क्षितिजालगत असला म्हणजे विवराच्या पोटातील काळी सावली कशीबशी दिसावी. सूर्य थोडा वर चढला की सावली आक्रसून नाहीशी व्हावी आणि विवराभोवती उडून पडलेल्या ताज्या, उजळ चुऱ्याचा कित्येक किलोमीटर रुंदीचा पांढरा पट्टा तेवढा उरावा, असा हा खेळ महिन्यातून दोन वेळा, सूर्योदयी आणि सूर्यास्ती, होत असतो. जुन्या निरीक्षकांनी मोजला तो विवराचा व्यास नव्हे, तर बहुधा या पांढऱ्या पट्ट्याचा.

म्याडलरची आणि लोरमानची साक्ष एकमेकांशी जुळते, मग दोघेही चुकले कसे, असा आक्षेप त्या वेळी वारंवार घेतला गेला. माझ्या मते त्याचे उत्तर अवघड नाही. म्याडलरने काम सुरू केले तेव्हा लोरमानचे तक्ते प्रसिद्ध झालेले होते, आणि ज्या साक्षीदाराने पहिल्याची जबानी आधीच वाचली आहे त्याची जबानी स्वतंत्र पुरावा म्हणून धरता येत नाही. याहून बोलका मुद्दा असा, की वृद्ध म्याडलरने स्वतः १८६७ मध्ये बॉन येथील दुर्बिणीतून लिने पाहिले आणि ते आपल्याला पूर्वी दिसत असे तसेच आजही दिसते, असे सांगितले. ज्याच्या मोजणीवर सारी इमारत उभी होती त्यानेच हा निर्वाळा दिल्यावर वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, कारण तोवर लोकांना बदल हवाहवासा वाटू लागला होता. १८७७ मध्ये हेरमान क्लाइन याने हिजिनस विवराजवळ एक नवा खळगा उत्पन्न झाल्याचे सांगितले, आणि अशा वार्ता त्यानंतरही अधूनमधून येत राहिल्या.

आघातवादी पक्षाची स्थिती या काळात दुबळी होती, आणि त्याला दुर्दैवाने वकीलही फारसे भरवशाचे लाभले नाहीत. म्युनिकचा फ्रान्झ ग्रूइटहुइसेन याने १८२० च्या दशकात विवरे आघाताने झाल्याचे मत मांडले, परंतु त्याच गृहस्थाने चंद्रावर तटबंदीचे नगर पाहिल्याचे सांगितल्यामुळे त्याच्या योग्य कल्पनेचीही किंमत गेली. इंग्लंडात रिचर्ड प्रॉक्टर याने १८७३ मध्ये तोच विचार पुन्हा मांडून पाहिला व पुढे स्वतःच मागे घेतला. खरा विचार झाला तो अमेरिकेच्या भूगर्भ खात्यातील ग्रोव्ह गिल्बर्ट याच्याकडून. १८९२ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतील दुर्बिणीने अठरा रात्री चंद्र पाहून त्याने जो निबंध लिहिला, त्यात विवरांचे तळ भोवतालच्या भूमीपेक्षा खाली असतात, उलट पृथ्वीवरील ज्वालामुखींची मुखे पर्वतांच्या माथ्यावर असतात, या एका निरीक्षणानेच त्याने ज्वालामुखीच्या पक्षाला जबर धक्का दिला. मात्र एक अडचण त्याला सुटेना. आकाशातून येणारे पाषाण सर्व दिशांनी, बहुतेक तिरपेच, येणार. मग विवरे लांबोळी न होता जवळजवळ सर्वच गोल का? या अडचणीपायी त्याला पृथ्वीभोवती फिरणाऱ्या लहान चंद्रांचे एक कडे कल्पावे लागले. आणि नियतीचा विलक्षण भाग असा, की त्याआधी एकच वर्ष म्हणजे १८९१ मध्ये तो अ‍ॅरिझोनातील सव्वा किलोमीटर रुंदीच्या विवरापाशी जाऊन, चुंबकीय व घनफळाच्या कसोट्या लावून, ते वाफेच्या स्फोटाने झाले असल्याचा निष्कर्ष काढून परतला होता. पृथ्वीवरील जे लहान विवर त्याच्या सिद्धान्ताचा पाया ठरले असते, त्याच्यावरच त्याने पाणी सोडले. पुढे डॅनिएल बॅरिंजर या खाणउद्योजकाने १९०३ पासून तेथे लोखंडी उल्का सापडेल या आशेने आपली हयात आणि संपत्ती खर्ची घातली. मोठी उल्का मिळाली नाही, पण विवर आघाताचेच होते.

गोल आकाराचे कोडे सुटण्यास पदार्थविज्ञानाचा एक साधा हिशेब पुरला, हे या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण आहे असे मला वाटते. एक किलो वजनाचा दगड सेकंदाला वीस किलोमीटर वेगाने आदळला तर त्याच्या ठिकाणची गतिज ऊर्जा सुमारे पन्नास किलो टीएनटी या स्फोटकाच्या ऊर्जेइतकी भरते. असा दगड जमिनीत घुसून थांबत नाही. त्याचा स्वतःचाच स्फोट होतो. त्याच्या पुढच्या खडकात आघाततरंग शिरतो, खडक क्षणार्धात लक्षावधी वातावरणांच्या दाबाखाली चेपला जाऊन वितळतो, काही अंशी वाफ होतो आणि दाब सुटताच तो तरंग अर्धगोलाच्या आकाराने सर्व दिशांस पसरत खडकाला वर व बाहेर फेकतो. खळगा खणतो तो दगड नव्हे, तर हा तरंग. म्हणून पाषाण पंचेचाळीस अंशांनी तिरपा आला तरी विवर गोलच होते आणि केवळ क्षितिजाशी दहा-पंधरा अंशांहून कमी कोन झाला तरच ते लांबट बनते. एस्टोनियाचा एर्न्स्ट ओपिक याने १९१६ मध्ये आणि न्यूझीलंडचा चार्ल्स गिफर्ड याने १९२४ मध्ये ही गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली. खंडवहनाच्या सिद्धान्तामुळे प्रसिद्ध असलेला आल्फ्रेड वेगेनर यानेही सिमेंटच्या पुडीवर पूड टाकून केलेल्या प्रयोगांच्या आधारे १९२१ मध्ये आघातपक्षाचे समर्थन केले होते. लिनेएवढे विवर खणण्यास चंद्राच्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणातही एका मिनिटाहून कमी अवधी लागतो, आणि त्यासाठी येणारा पाषाण विवराच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे शे-दोनशे मीटर रुंदीचा, असला तरी भागते.

तरीही ज्योतिर्विदांचे मन वळण्यास दुसरे महायुद्ध व्हावे लागले. मिशिगनमधील राल्फ बाल्डविन हा उद्योजक असून खगोलशास्त्राचा पदवीधर होता. त्याने बाँब व तोफगोळे यांनी पडलेले खळगे, पृथ्वीवरील उल्काविवरे आणि चंद्रविवरे यांची रुंदी व खोली एकाच आलेखावर मांडली आणि ती सर्व एका सलग वक्ररेषेवर येऊन बसतात, हे १९४९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले. ज्यांची उत्पत्ती स्फोटाची आहे हे कोणीही नाकारू शकत नव्हते, अशा वावभर खळग्यांपासून किलोमीटरभर विवरांपर्यंत जी रेषा जात होती, तिच्यात चंद्राची विवरे तपशीलवार सामावत होती. पुढचे पाऊल युजीन शूमेकरचे. नेवाडातील अणुस्फोटांच्या विवरांची त्याने अ‍ॅरिझोनाच्या विवराशी थरनिहाय तुलना केली, उलटून पडलेले खडकांचे थर दोन्हीकडे सारखे असल्याचे दाखवले, आणि १९६० मध्ये एडवर्ड चाओ व इतरांबरोबर त्या विवरातील वाळूच्या खडकात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच बनणारे सिलिकेचे रूप शोधून काढले. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. येथे अर्ध्याअधिक निकाल लागला. १९६४ च्या जुलैत रेंजर ७ या यानाने चंद्रावर आदळेपर्यंत चार हजारांहून अधिक छायाचित्रे पाठवली, तेव्हा विवरे किलोमीटरांपासून मीटरभरापर्यंत, लहान होत होत अगणित संख्येने पसरली आहेत, असे आढळले. इतक्या बारीक ज्वालामुखींचे रान कल्पिणे कोणालाच शक्य नव्हते.

या ठिकाणी महाराष्ट्राचा उल्लेख केलाच पाहिजे, आणि तो केवळ अभिमानापोटी नव्हे. चंद्राची काळी मैदाने बेसाल्ट खडकाची आहेत, तर पृथ्वीवरील बहुतेक उल्काविवरे वालुकाश्म, चुनखडी किंवा ग्रॅनाइट यांसारख्या खडकांत आहेत; त्यामुळे अ‍ॅरिझोनाचा दाखला चंद्राला लावताना खडक वेगळा असल्याची हरकत नेहमी येई. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे दख्खनच्या बेसाल्टातले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि आजही सुस्थितीत असलेले विवर आहे. आकाराने ते जवळजवळ लिनेचे जुळे म्हणता येईल, आणि दोघांचाही पाया एकाच जातीच्या खडकाचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची नोंद केल्यापासून ते ज्वालामुखीचे मुख आहे, अथवा जमीन खचून झालेले आहे, असे मानण्याचा शिरस्ता होता. १९७३ मध्ये कर्ट फ्रेड्रिकसन आणि त्याच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी तळात छिद्रे पाडून मिळवलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताने काच बनलेले फेल्डस्पार, सापडल्याचे प्रसिद्ध केले आणि लोणारची उत्पत्ती निश्चित झाली. तेथील काचेचे गोल कण आणि अपोलोच्या यात्रेकरूंनी आणलेल्या चांद्रमातीतील कण यांचे साम्य त्याच सुमारास पुढे आले. मात्र लोणारची तळी खाऱ्या सरोवराच्या गाळाने भरली आहे, कडे पावसाने झिजले आहेत, आणि वयाबद्दल तर पन्नास हजार वर्षांपासून पावणेसहा लक्ष वर्षांपर्यंत अंदाज आहेत. दुसरा आकडा २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलेला असून तो मला अधिक विश्वासार्ह वाटतो. जे लोणारला पाऊस व गाळ यांनी हिरावून घेतले, ते लिनेला निर्वात चंद्रावर शाबूत आहे. एकाचे खडक हाताळता येतात, दुसऱ्याचा आकार बिनचूक मोजता येतो. अभ्यासकाला दोन्हींची गरज आहे.

ज्वालामुखीचा पक्ष सर्वस्वी खोटा होता असे मात्र समजू नये. ज्या मैदानावर लिने आहे ते मैदानच तीन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे आहे. याच मैदानाच्या पूर्वेकडील काठावर, टॉरस-लिट्रो खोऱ्यात, १९७२ च्या डिसेंबरात अपोलो १७ चे यूजीन सर्नन व हॅरिसन श्मिट उतरले होते. श्मिट हा चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला व्यावसायिक भूगर्भशास्त्रज्ञ. शॉर्टी नावाच्या सुमारे ११० मीटर रुंदीच्या विवराच्या कडेला करड्या धुळीखाली त्याच्या पावलांनी उकरली गेलेली माती चक्क नारिंगी निघाली. काळसर कड्याचे विवर आणि रंगीत माती, तेव्हा हे नुकतेच विझलेले ज्वालामुखीचे मुख असावे, अशी शंका जागच्या जागी उत्पन्न झाली. थोडक्याच मिनिटांत त्यांनी तेथे चर खणून व नळी ठोकून नमुने घेतले. प्रयोगशाळेत ही माती म्हणजे सूक्ष्म काचेचे मणी ठरली: सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याच्या कारंज्यातून गोठलेले, पुढे लाव्ह्याखाली गाडले गेलेले, आणि शॉर्टी विवर खणणाऱ्या आघाताने वर आलेले. हे विवर ज्वालामुखीचे नव्हते, परंतु ज्वालामुखीचा पुरावा वर काढून देणारी खाण होते. नास्मिथच्या कारंज्याची कल्पना वेगळ्या रीतीने का होईना, खरी ठरली, हे नमूद करण्यात मला आनंद वाटतो.

लिनेचे जवळून दर्शन १९७१ मध्ये अपोलो १५ च्या छायाचित्रांतून घडले आणि शंभर वर्षांचा संशय फिटला. सुरेख गोल कड, मऊ उतार, भोवती ताज्या चुऱ्याची उजळ कांती, आणि लाव्ह्याने भरल्याची एकही खूण नाही. त्यानंतर त्याची कीर्ती नव्याने वाढली, ती याच ताजेपणामुळे. २००९ मध्ये गेलेल्या ल्यूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने त्याची उंचसखल मोजणी मीटरांच्या अचूकतेने केली, तेव्हा लहान विवरांचा छेद वाटीसारखा गोल असतो हा आजवरचा समज लिनेच्या बाबतीत खरा ठरला नाही. त्याचा आकार टोक छाटून उलट्या ठेवलेल्या शंकूसारखा, सपाट तळाचा निघाला. ताजे, सुस्थितीतील साधे विवर कसे दिसावे याचा मापदंड म्हणून आज संशोधक त्याचा हवाला देतात आणि झिजलेल्या विवरांचे वय त्याच्याशी तुलना करून अजमावतात. ज्या विवराची मोजणी शंभर वर्षे चुकीची ठरली, त्याच्याच मोजणीवर आता इतरांची मोजणी चालते.

चंद्रावर बदल होतात की नाही, हा युलियुस श्मिटचा मूळ प्रश्न राहिला. त्याचेही उत्तर आज होकारार्थी आहे, फक्त श्मिटला अपेक्षित मापाहून शेकडो पटींनी लहान प्रमाणात. १७ मार्च २०१३ रोजी मारे इम्ब्रियम या मैदानात एक लखलखाट पृथ्वीवरील दुर्बिणींत नोंदला गेला आणि पुढे त्या जागी १८ मीटर रुंदीचे नवे विवर यानाच्या छायाचित्रांत सापडले. २०१६ मध्ये एमर्सन स्पायरर व सहकाऱ्यांनी आधीच्या व नंतरच्या चित्रांच्या जोड्या पडताळून २२२ नवी विवरे दाखवली, त्यांतले सर्वांत मोठे ४३ मीटरांचे. त्यांच्याभोवती उडालेल्या चुऱ्यामुळे चंद्राच्या मातीचा वरचा दोन सेंटिमीटरांचा थर सुमारे ८१,००० वर्षांत पालटून निघतो, म्हणजे पूर्वीच्या अंदाजापेक्षा शंभरपट वेगाने, असा त्यांचा हिशेब आहे. भारताच्या चांद्रयान ३ च्या प्रज्ञान या गाडीला २०२३ च्या ऑगस्टमध्ये वाटेत चार मीटरांचे विवर आडवे आल्याने मार्ग बदलावा लागला, ते विवरही याच न संपणाऱ्या माऱ्याचे अपत्य.

मोठा प्रश्न सुटला असला तरी लहान विवरांनीच एक नवा प्रश्न उभा केला आहे. चंद्राचा एखादा प्रदेश किती जुना हे त्यावरील विवरे मोजून ठरवले जाते. अपोलोच्या नमुन्यांनी या मोजणीला वर्षांचा आधार दिला, उदाहरणार्थ अपोलो १६ च्या नॉर्थ रे विवराचे वय विश्वकिरणांच्या परिणामावरून सुमारे पाच कोटी वर्षे आणि अपोलो १४ च्या कोन विवराचे सुमारे अडीच कोटी वर्षे ठरले. परंतु मोठ्या विवरातून उडालेले खडक दूर पडूनही दुय्यम विवरे होतात; मंगळावरील झुनिल या दहा किलोमीटरच्या एकट्या विवराने अशी सुमारे एक कोटी विवरे उत्पन्न केली असावीत असा अंदाज आहे. म्हणजे किलोमीटरहून लहान विवरे मोजून वय काढताना त्यांतील किती आकाशातून आलेली आणि किती चंद्राच्याच मातीची, हे आधी ठरवावे लागते, आणि त्यावर संशोधकांत खरा मतभेद आहे. त्याच प्रसन्नतेच्या मैदानात लिनेच्या पूर्वेस विक्रम साराभाईंच्या नावाचे सुमारे आठ किलोमीटर रुंदीचे विवर असून चांद्रयान २ ने त्याचे तपशीलवार चित्रण केले आहे, तर आणखी पूर्वेस शॉर्टी आहे. या एका मैदानात निरनिराळ्या आकाराच्या व अवस्थेच्या विवरांची रांगच मिळते, आणि पुढील मोहिमांनी मोठ्या खोऱ्यांबरोबर येथेही लक्ष घालावे असे मला मनापासून वाटते. लिनेच्या कडेवरील खडकाचा नमुना अद्याप पृथ्वीवर आलेला नाही. तो येईपर्यंत त्याचे वय या वादग्रस्त मोजणीवरूनच ठरवावे लागणार आहे.